काठीपाशी कोणी नव्हतं

मोसम उघडून आठ दिवस झाले, तरी कोणाची पिशवी धड भरत नव्हती. वाळवंटाला टेकलेल्या आमच्या किनाऱ्यावर नोव्हेंबर लागला की बायका तिसऱ्या, म्हणजे वाळूतल्या शिंपल्या, खणायला समुद्रात उतरतात. ओहोटीला पाणी कोसभर मागे जातं, आणि त्या उघड्या पडलेल्या वाळूवर कंबरेत वाकून, उलट्या पावलांनी चालत, वाळूतली दोन बारीक छिद्रं शोधायची. दिसली की विळ्याचं टोक खुपसायचं आणि तिसरी वर काढायची. चार तास हेच. घरी आल्यावर पाठ सरळ व्हायला भिंतीचा आधार घ्यावा लागतो.

आम्ही अकरा जणी उतरायचो, पण खणायच्या दहाच. अकरावी काठीपाशी बसायची. किनारा आणि पलीकडची वाळू यांच्या मधून एक चर जातो. ओहोटीत त्यात घोट्याएवढं पाणी असतं, कोणी लक्षही देत नाही. पण भरती लागली की पाणी आधी त्या चरात शिरतं, आमच्या पाठीमागून, आणि खाली मान घातलेल्या बाईला ते दिसत नाही. म्हणून चरात एक जाड काठी खोल रोवायची, गुडघ्याच्या उंचीवर तिला लाल चिंधी बांधायची, आणि एकीने तिच्यावरची नजर काढायची नाही. पाणी चिंधीला लागलं की तिने डबा बडवायचा. डबा वाजला की हातातली तिसरीही टाकून निघायचं, असा नियम. परत आल्यावर प्रत्येकीने तिला एक मूठ द्यायची, म्हणजे तिचीही पिशवी भरते.

गेली सहा वर्षं काठीपाशी माझी सासू बसायची. तुर्किया तिचं नाव; बाकीच्या तिला खालती, म्हणजे मावशी, म्हणायच्या, आणि मी उम्मी, म्हणजे आई. गुडघे गेल्यापासून तिला वाकता येत नव्हतं. सहा वर्षांत तिचा डबा एकदाही उशिरा वाजला नाही.

हे सगळं घडलं त्याच्या आदल्या दिवशी मी पहाटेपासून खणून अर्धी पिशवीसुद्धा भरली नव्हती. तिसऱ्या न्यायला येणारा गाडीवाला पिशव्या उचलून बघत होता आणि माझी बघून हसला. "एवढंच? समुद्रात गेलीस की शेजारणीकडे चहाला?" असं म्हणाला. बायका हसल्या. मी आधीच जळत होते. तेवढ्यात मुठी द्यायची वेळ आली आणि तुर्कियाने आपली पिशवी पुढे धरली.

"द्या गं बायांनो, द्या," मी सगळ्यांच्या देखत म्हणाले. "आमच्या कंबरा मोडतात आणि बसल्या जागी हिची पिशवी भरते. उद्यापासून मीपण काठीपाशीच बसते म्हणते."

कोणी हसलं नाही. खमसा आमच्यातली सगळ्यांत दांडगी बाई, कशावरही थट्टा करणारी, पण तीसुद्धा खाली बघून पायाचा चिखल काढायला लागली. तुर्कियाने पिशवीचं तोंड बांधलं, डोक्यावर घेतली आणि घरी चालू लागली. घरी आल्यावर तिने आपल्या सगळ्या तिसऱ्या माझ्या बादलीत ओतल्या. मी नको म्हणायला हवं होतं. मी त्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी उठले तर घर भट्टीसारखं तापलेलं. तीन दिवस शहीली वाहत होती, वाळवंटावरून येणारा तो गरम वारा, आणि आता तिला जोर चढला होता. दातांत वाळू, डोळ्यांत वाळू. आभाळ पिवळं आणि सूर्य त्यात फिकट. खजुराच्या झावळ्या सगळ्या समुद्राच्या दिशेने आडव्या झाल्या होत्या.

बेलगासेमने, माझ्या नवऱ्याने, बोट वर ओढून ठेवली होती आणि तो दारात बसून जाळं सांधत होता.

"रेडिओवर सांगितलंय," तो म्हणाला. "संध्याकाळपासून वारा फिरणार. वरून थंड हवा येतेय, मोठी. बोटी सोडू नका म्हणाले."

"आम्ही कुठे बोटीत बसतोय?" मी म्हणाले.

"तुझं आपलं काहीतरीच. दुपारच्या आत परत या, एवढंच सांगतोय."

"संध्याकाळ म्हणालास ना? मग?"

तुर्किया उंबऱ्यावर बसून विटेवर काहीतरी घासत होती. वाकून बघितलं तर तिचा जुना विळा.

"उम्मी, हा कशाला काढलास?"

"गंज चढलाय," ती म्हणाली, आणि घासत राहिली.

मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. मला कळलं होतं. जवाची भाकरी आणि चार खजूर फडक्यात बांधून मी पुढे निघाले.

किनाऱ्यावर पोचलो आणि अकराही जणी उभ्याच राहिलो. समुद्र नव्हता. अमावास्येची ओहोटी होती, ती मोठी असतेच, पण त्यात तीन दिवसांच्या शहीलीने पाणी ढकलून आणखी आत नेलं होतं. जिथवर नजर जाईल तिथवर ओली वाळू, आणि तिच्या पार टोकाला एक राखाडी रेघ.

"गेला गं," खमसा म्हणाली. "नवऱ्याशी भांडून समुद्र माहेरी गेला."

"माहेरी गेलेली बाई परत येते," तुर्किया म्हणाली. "चला लवकर."

चर कोरडा पडला होता. माझ्या उभ्या आयुष्यात मी तो कोरडा बघितला नव्हता. तळाला नुसता चिखल, त्यात दोन-तीन मासे तडफडत होते. तुर्कियाने काठी घेतली, तळाच्या मधोमध रोवली, अंग टाकून टाकून आत दाबली, आणि चिंधी बांधली. मग नेहमीप्रमाणे डबा मांडीवर घेऊन काठावर बसली. आम्ही पुढे गेलो.

आमच्या नेहमीच्या जागेच्याही पुढची ती वाळू वर्षानुवर्षं पाण्याखाली असलेली. तिथे कधी कोणाचा विळा लागला नव्हता. छिद्रं शोधावी लागत नव्हती, पाय ठेवायला जागा नव्हती इतकी. नुसत्या बोटांनी उकरलं तरी मूठभर तिसऱ्या हाताला लागत होत्या, मोठाल्या, अक्रोडाएवढ्या. आम्ही आधी ओरडलो, हसलो, मग कोणीच बोलेना. अशा वेळी बाई बोलत नाही. पुढे बघते, आणखी पुढे बघते, आणि पुढे सरकत जाते.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. घाम डोळ्यांत जात होता. माझी एक पिशवी भरली होती आणि दुसरी भरत आली होती. कोणाची तरी सावली शेजारी पडली म्हणून मान वर केली. तुर्किया होती. अंगाभोवती गुंडाळलेल्या लांब मलहफ्याचा पदर कंबरेला खोचलेला, हातात विळा. गुडघे वाकत नव्हते म्हणून ती दोन्ही पाय फाकवून, अख्खं अंग कंबरेतून मोडून खणत होती. तोंडातून कण्हण्याचा आवाज येत होता.

"उम्मी! काठीपाशी कोण आहे?"

"कोणी नाही. चर कोरडा आहे, तिथे बसून काय बघू?" तिने तिसरी पिशवीत टाकली. "आज माझ्या हातानं घेते. कोणाची मूठ नको."

ते माझ्यासाठी होतं. मी तिथेच विळा टाकून तिचे पाय धरायला हवे होते. निदान परत जा म्हणायला हवं होतं. ती माझ्याहून लवकर दमेल आणि आपण होऊन जाईल, असं मी मनात म्हटलं. खरं सांगायचं तर तिला वाकलेली बघून मला जरा बरंही वाटलं. मी थोडी सरकले आणि तिला जागा करून दिली.

मग वारा थांबला.

तीन दिवस कानात घोंघावणारा आवाज एकदम बंद झाला. पिशवीत तिसऱ्या एकमेकींवर घासतात तो आवाज ऐकू यायला लागला. दूरच्या पाण्यात रोहित पक्ष्यांचा थवा होता, तो सगळाच्या सगळा उठला आणि आमच्या डोक्यावरून दक्षिणेकडे गेला. एकही मागे राहिला नाही. माझ्या मानेवरचा घाम गार पडला.

"बायांनो," खमसा म्हणाली. तिचा आवाज थट्टेचा नव्हता. "वायव्येला बघा."

गावावरून, खजुरांच्या मागून, एक काळा पट्टा आभाळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आला होता. त्याच्या खाली सगळं तपकिरी, धुळीचं. तो आमच्याकडेच येत होता, आणि इतक्या झपाट्याने, की बघता बघता खजूर दिसेनासे झाले. संध्याकाळ म्हणाले होते. अजून दुपारसुद्धा झाली नव्हती.

"काठी!" कोणीतरी किंचाळली. "काठी बघा!"

काठी इतक्या लांबून दिसत नव्हती. आम्ही पळालो. भरलेल्या पिशव्या कोणी डोक्यावर घेतल्या, कोणी ओढायला लागल्या. मग पहिली थंड झुळूक अंगावर आली. झुळूक कसली, धक्काच तो. माझ्या डोक्यावरची गवताची टोपी उडून गेली ती पुन्हा दिसली नाही. उन्हाळ्यातून एका श्वासात आम्ही हिवाळ्यात आलो. घामाने भिजलेले कपडे अंगाला गार चिकटले आणि दात वाजायला लागले.

वीज पडली ती कुठे पडली कळलं नाही, फक्त सगळं पांढरं झालं आणि छातीत दणका बसला. त्या सपाट वाळूवर सगळ्यांत उंच आम्हीच होतो, हातात लोखंड घेऊन.

"विळे टाका!" खमसा ओरडली. "बादल्या टाका! सगळं टाका गं!"

मी पिशवी टाकली. तेव्हा मागे बघितलं. तुर्किया खूप मागे होती. ती पळत नव्हती, तिला पळता येतच नव्हतं. एकेक पाय हाताने उचलल्यासारखा पुढे टाकत येत होती. मी परत गेले. हे मी केलं, हे तरी केलं. तिच्या बगलेत हात घालून तिला ओढत आणायला लागले.

"तू जा," ती म्हणाली. "चर भरला असेल. मी सोडून आले, वन्नासा. काठी मी सोडून आले."

"गप्प बस आणि चाल!"

गारा सुरू झाल्या. आधी बोराएवढ्या, मग त्याहून मोठ्या. डोक्यावर, पाठीवर, हाताच्या हाडांवर. समोर दहा पावलांपलीकडे काही दिसेना. तीन दिवस शहीलीने आत ढकलून धरलेलं पाणी आता सुटून परत येत होतं, वर भरतीचं पाणी वेगळं. वाळूवर पाणी सरसर चढत होतं, घोट्याला लागलं, पोटरीला लागलं. बाकीच्या बायकांच्या हाका ऐकू येत होत्या, पण पलीकडच्या बाजूने. त्या चर ओलांडून गेल्या होत्या.

चराच्या काठावर आलो तर तिथे नदी वाहत होती. चिंधी दिसत नव्हती, काठीचा वीतभर शेंडा तेवढा वर होता, आमच्या डाव्या हाताला, खाली.

"पाठीवर ये," मी म्हणाले.

"नको."

"ये म्हणते ना! तुझ्या लेकाला काय सांगू मी?"

ती पाठीवर आली. तिने हात माझ्या गळ्याभोवती घातले आणि मी पाण्यात उतरले. पाणी मांडीला आलं, कमरेला आलं. प्रवाह डावीकडे ओढत होता. तिचा भिजलेला मलहफा माझ्या पायात अडकत होता. मधोमध मी पाय टाकला तिथे तळच नव्हता.

दोघी खाली गेलो. खारट, गढूळ, बर्फासारखं पाणी नाकातोंडात गेलं. वर आले तेव्हा तिची पकड इतकी घट्ट झाली होती की श्वास आत जाईना. पुन्हा खाली गेले. माझ्या डोळ्यांपुढे त्या वेळी माझी मुलं आली नाहीत, नवरा आला नाही, देवसुद्धा आला नाही. फक्त हवा पाहिजे होती. मी हात वर नेले आणि तिची बोटं धरली. एक बोट सोडवलं. दुसरं सोडवलं. मग बाकीची तिने स्वतःच सोडली.

ते मी विसरू शकत नाही. तिने ओढाताण केली नाही. मी काय करतेय ते तिला कळलं, आणि तिने हात मोकळे केले.

पाठीवरचं वजन गेलं. माझे पाय तळाला लागले. चार पावलं, सहा पावलं, आणि मी पलीकडे चिखलात पालथी पडले. खमसाने मला दंडाला धरून वर ओढलं.

"खालती कुठाय? खालती तुर्किया कुठाय?"

"येतेय," मी म्हणाले. "मागे येतेय."

खमसाने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग तिने गारांच्या पडद्याकडे तोंड करून हाक मारली, बैलासारखा आवाज तिचा, "खालती! ओ खालती!" उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. तेव्हा खालच्या अंगाने काहीतरी ऐकू आलं. शब्द नव्हता, नुसता आवाज.

काठीचा शेंडा जिथे होता तिथे एक हात दिसत होता. प्रवाहाने तिला काठीवर नेऊन आपटलं होतं आणि तिने काठी धरली होती. डोकं दिसायचं, नाहीसं व्हायचं, पुन्हा दिसायचं.

"मलहफे सोडा!" खमसा म्हणाली. कोणी लाजली नाही. पाच जणींनी अंगावरचे मलहफे सोडले, गाठी मारल्या, ओढून बघितल्या. एक टोक खमसाने कमरेला बांधलं आणि ती पाण्यात शिरली. बाकी आम्ही काठावर एकीमागे एक बसून, टाचा चिखलात रोवून कापड धरलं. मीही धरलं होतं. हात बधिर झाले होते, पकड आहे की सुटली हे डोळ्यांनी बघावं लागत होतं. माझ्या मनात एकच चाललं होतं, तिला जिवंत काढ. आणि खोटं कशाला बोलू, त्याच्या जोडीला आणखी एक होतं. ती जिवंत निघाली की सांगेल.

खमसाने तिला काठीवरून सोडवलं तेव्हा तिची बोटं उघडत नव्हती. आम्ही दोघींना ओढून काठावर घेतलं. तुर्कियाचे ओठ निळे पडले होते, कपाळावर गारेने खोक पडली होती. तिने डोळे उघडले, सगळ्यांकडे बघितलं, नजर माझ्यावर आली आणि तिथे थांबली.

पुढचं अंतर गुडघाभर पाण्यातून, वाऱ्याच्या तोंडावर, तिला चौघींनी उचलून. अर्ध्या वाटेत बेलगासेम आणि गावातले आणखी तीन पुरुष ट्रॅक्टर घेऊन पाण्यात उतरलेले भेटले. त्याने आईला उचललं तेव्हा तो मोठ्याने रडत होता. आम्ही मोजल्या, पुन्हा मोजल्या. अकराच्या अकरा होतो. पिशव्या, विळे, बादल्या सगळं गेलं होतं आणि कोणाला त्याचं काही नव्हतं.

घरी शेगडी पेटवून तुर्कियाला तीन पांघरुणांत गुंडाळलं. बाहेर वारा दार फोडायला बघत होता. बेलगासेम तिच्या पायांना जैतुनाचं तेल चोळत बसला. खमसा माझे कपडे घालून शेजारी बसली होती. ते तिच्या खांद्यावर उसवले होते आणि ती एकदाच म्हणाली, "दोन वन्नासा एकत्र केल्या तरी एक मी होत नाही गं." मी चहा उकळत होते.

तुर्कियाच्या गालांवर जरा रंग आला, तेव्हा खमसाने विचारलं.

"खालती, राग मानू नकोस. उद्या सगळं गाव विचारेल म्हणून मी आज विचारते. सहा वर्षांत तू काठी सोडली नाहीस. आजच कशी सोडलीस?"

मी चहाची किटली धरून तशीच बसले. आता, असं मला वाटलं. आता सांगेल.

तुर्कियाने पांघरूण गळ्याशी ओढून घेतलं.

"हाव सुटली," ती म्हणाली. "एवढ्या तिसऱ्या आयुष्यात बघितल्या नव्हत्या. म्हातारपणी हाव सुटली. माझ्यापायी तुम्हा सगळ्यांची घरं बुडाली असती. सांग गावाला, असंच सांग."

"आणि चरातून?" बेलगासेमने विचारलं. "काठीपर्यंत कशी पोचलीस, उम्मी?"

"वन्नासानं नेलं. पाठीवर घेतलं होतं तिनं मला. काठी माझ्या हातात दिली, घट्ट धर म्हणाली, आणि माणसं आणायला पुढे गेली."

खमसाने माझ्याकडे बघितलं. काठावर मी काय म्हणाले होते ते तिने ऐकलं होतं. तिचं तोंड उघडलं, मग तिने समोरचा खजूर उचलून तोंडात टाकला आणि चावत बसली.

बेलगासेम उठला. हात तेलाचे होते, ते त्याने सदऱ्याला पुसले. खमसा बसलेली असताना, तिच्या देखत, त्याने दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं आणि कपाळाचं चुंबन घेतलं. ईदच्या सकाळी तो आईचं घेतो तसं. लग्नाला नऊ वर्षं झाली, मला ते कधी मिळालं नव्हतं.

नाही म्हणायची हीच वेळ होती. मी मान खाली केली आणि ते घेतलं. त्याच्या खांद्यावरून तुर्किया दिसत होती. पांघरूण गळ्याशी धरून ती माझ्याकडेच बघत होती, शांतपणे, आणि मला तिची इतकी भीती वाटली की तेवढी त्या पाण्यातही वाटली नव्हती.